गेम अर्ध्यात सोडलेल्यांनी तिच्यावर निकाल द्यावा का?

कृष्णाकाठचा (सांगली) :

सेल लागला की गेम घ्यायच्या आणि खेळताना मात्र मित्रांबरोबर तीच ती मॅच, असं करत करत माझी लायब्ररी तुंबली होती. त्यात गेम विकणारे एपिकवाले दर आठवड्याला काहीतरी फुकट वाटतात. २०२० च्या मे महिन्यात त्यांनी जीटीए फाईव्ह फुकट दिली तेव्हा गर्दीने त्यांची साईटच झोपली. त्या गर्दीत मी होतो, गेम अजून उघडलेली नाही. या पावसाळ्यात ठरवलं, नवीन एक रुपयाची घ्यायची नाही, आहेत त्यातल्या संपवायच्या. चार संपल्या. त्यावरून जे मत झालंय ते मांडतो, पटलं नाही तर हाणा. पुढे सगळीकडे शेवट फोडलेले आहेत, ज्यांना खेळायच्यात त्यांनी इथूनच मागे फिरा.

मत असं की ज्याने गेम शेवटपर्यंत नेली नाही, त्याने ती 'बोअर आहे' असा निकाल देऊ नये. सोडा खुशाल. निकाल देऊ नका.

रेड डेड रिडेम्प्शन टू घ्या. २०१८ ची गेम, पीसीवर २०१९ ला आली, दीडशे जीबी जागा मागते. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या पोरांनी ती पहिल्या चॅप्टरच्या बर्फातच सोडली आणि 'घोडा चालवायची गेम' म्हणून मोकळे झाले. आता दुसऱ्या चॅप्टरमध्ये काय होतं बघा. टोळीतला स्ट्रॉस गरिबांना व्याजाने पैसे देतो आणि वसुलीला आर्थरला, म्हणजे आपल्याला, पाठवतो. आर्थर थॉमस डाउन्सच्या वाडीवर जातो. माणूस आधीच आजारी. आर्थर त्याला धरून बडवतो, तो खोकतो आणि रक्ताचा शिंतोडा आर्थरच्या तोंडावर उडतो. आपण तोंड पुसतो आणि पुढच्या मिशनला लागतो, कारण खेळणाऱ्याचं लक्ष पैशावर असतं. मग दरोडे, शिकार, सेंट डेनिस शहर, बेट, असं बरंच काही होऊन जातं. पाचव्या चॅप्टरच्या शेवटाकडे आर्थर भर रस्त्यात कोसळतो आणि डॉक्टर सांगतो, क्षय आहे. वसूल करायला गेलो आणि घेऊन आलो ते हे! बर्फात सोडलेल्याला यातलं काय कळणार?

दुसरी रिटर्न ऑफ द ओब्रा डिन. हीसुद्धा २०१८ ची, लुकास पोपने जवळजवळ एकट्याने केलेली. साल १८०७. बेपत्ता झालेलं जहाज माणसांशिवाय बंदराला लागतं आणि ईस्ट इंडिया कंपनीचा विमा तपासनीस म्हणून आपण वर चढतो. साठ माणसं. कोण कोण होतं, कोण कशाने मेलं, हे वहीत भरायचं. हातात एक घड्याळ असतं, ते सांगाड्यापाशी धरलं की त्या माणसाच्या मरणाचा क्षण गोठलेला दिसतो. त्याआधी काळ्या पडद्यावर नुसते आवाज. खलाशांत आपल्याकडचेही आहेत, ज्यांना लस्कर म्हणत. तिघांची नोंद बरोबर झाली की वही ती पक्की करते, म्हणजे ठोकताळे मारून फार पुढे जाता येत नाही. मुद्दा असा की जहाजावरून मधेच उतरून गेलात तरी गेम संपते. पण वहीतला एक चॅप्टर कोरा राहतो. बाकी सगळ्यांचा छडा लावलात तरच तो बघायची सोय टपालाने घरी येते. करणाऱ्यानेच अट घातलीय!

तिसरी फायरवॉच, २०१६ ची, चारेक तासांची. १९८९ चा उन्हाळा, वायोमिंगचं जंगल, वणव्यावर नजर ठेवायला मनोऱ्यात बसलेला हेन्री आणि वॉकीटॉकीवर डिलायला. पाळत, चोऱ्या, कुंपणाआडचं संशोधन केंद्र, सगळं मस्त तापवत नेतात आणि शेवटी निघतो एक दुःखी बाप. डिलायलाच्या मनोऱ्यावर पोचावं तर ती निघून गेलेली. मला शेवट पडलेला वाटला. पण आता मी तसं म्हणू शकतो, कारण मी तिथपर्यंत गेलोय.

चौथी राजी, आपल्या पुण्याच्या कंपनीची. दिसायला देखणी, भिंतीवरची चित्रं फिरवत गोष्ट सांगतात ते तर फारच छान. शेवट मात्र अंगावर दार लावून घेतल्यासारखा.

बोला.


भडंग आणि चहा :

भावा, लिवलंयस भारी, पण तुझं गणित मला न्हाई पटलं.

गणपती पेठेत दुकान हाय माझं. शटर वडून घरी जाऊन जेवून हुईस्तोवर रात्रीचे दहा. मग तासभर मिळतो, त्यात बायको म्हणती आवाज बारीक कर. त्या तासात तुझा आर्थर कपाट उघडणार, एक डबा उचलणार, दुसरा डबा उचलणार, मग हरणाचं कातडं सोलून घोड्यावर टाकणार. एक मिशन चालू केलं तर मधी सेव्ह न्हाई, आणि लाईट गेली तर परत पयल्यापासनं. मी पंधरवडाभर खेळलो आणि सोडली. आता मी माझ्या दुकानात येणाऱ्या पोराला सांगू नये व्हय की बाबा, लई संथ हाय, इचार करून घे?

स्टीमसुद्धा दोन तासाच्या आत आणि चौदा दिवसाच्या आत पैसे परत देतंय. म्हंजे खुद्द दुकानदार म्हणतोय की दोन तासात गिऱ्हाईकाला कळतं. आणि तू म्हणतोस पन्नास तास बस, मग तोंड उघड.

त्या शिंतोड्याचं तू सांगितलंस म्हणून कळलं, झकास हाय. पण पन्नास तासाच्या गेममधली झकास गोष्ट दोन ओळीत सांगता येत असंल, तर मधला माल कशाचा?


कृष्णाकाठचा :

'संथ आहे' हे वर्णन झालं, ते सांगा की. 'टाकाऊ आहे' हा निकाल झाला. मी दुसऱ्यावर बोलतोय. आणि दोन ओळीत मी सांगितली ती बातमी. डाउन्सला मारताना बटण तुमच्या बोटाखाली असतं, ते दोन ओळीत कसं येईल?

पैसे परत मिळतात ते गेम चालत नसेल, पीसीला झेपत नसेल यासाठीही असतात. तेवढ्या दोन तासांत ओब्रा डिनची पहिली पाच-सात नावंही धड लागत नाहीत.


वानलेसवाडी :

मी रेड डेड पूर्ण केली आहे, त्यामुळे तुमच्या नियमाने मला बोलायचा परवाना आहे. तर ऐका, शेवटपर्यंत नेली याचाच मला पश्चात्ताप होतो.

आधी चांगलं सांगते. आमच्या वाडीला नाव मिळालं ते मिरजेचं मिशन हॉस्पिटल उभं करणाऱ्या डॉ. वानलेस यांच्यावरून, आणि क्षयाचं सॅनेटोरियम इथलंच. घरातली मोठी माणसं अजूनही कुणी सलग खोकलं की वळून बघतात. त्यामुळे आर्थरचा आजार मी जरा जास्तच बारकाईने बघितला. गेम १८९९ ची आहे. कॉखने क्षयाचा जंतू १८८२ सालीच दाखवला होता, म्हणजे आजार कशाने होतो हे डॉक्टरला माहीत आहे. औषध मात्र नाही. स्ट्रेप्टोमायसिन यायला १९४० चं दशक उजाडावं लागलं. म्हणून सेंट डेनिसचा डॉक्टर त्याला काय सांगतो? कोरड्या, उबदार हवेत जा आणि विश्रांती घे. तेव्हा जगभर हेच सांगत, सॅनेटोरियम बांधली गेली ती याच सल्ल्यावर. ज्या माणसाच्या मागे सरकारी पिस्तुलं लागली आहेत त्याला विश्रांती! पुढे आर्थर वाळत जातो, डोळे लाल, कितीही खाऊ घाला अंगाला लागत नाही. इतकं खरं मी कुठल्या गेममध्ये पाहिलेलं नाही.

आणि मग तो डोंगरावर जातो. माझा आर्थर चांगला वागलेला होता, त्यामुळे उगवता सूर्य मिळाला. मी पॅड खाली ठेवलं, डोळे पुसले. गेम तिथे संपली होती.

पण नाही. साल १९०७, आता टोळीतला जॉन व्हा. जॉनच्या हातात फावडं देऊन गोठ्यातलं शेण उचला. गाईची धार काढा. कुंपण घाला. दोन भागांचा उपसंहार आणि तासन् तास चालतो. जॉनचं पुढे, १९११ साली, काय होतं ते २०१० च्या पहिल्या गेममध्ये सगळ्यांना कळून चुकलेलं आहे, मग हे कोणासाठी? सूर्योदयालाच कॉम्प्युटर बंद करणाऱ्याने माझ्यापेक्षा चांगली गेम खेळली.


मिरजेची तार :

ताई, शेणाबद्दल घोर असहमती.

आर्थर मरतो कशासाठी? जॉन सुटावा, बायकापोरात जावा म्हणून. ते सुटणं म्हणजे नक्की काय हे दाखवायचं कसं? पिस्तूल चालवून दाखवलं तर जॉन सुटलाच नाही. म्हणून शेण, म्हणून धार. तुम्हाला कंटाळा आला तसा जॉनलाही येतो, त्याचा हात सारखा पिस्तुलाकडे जातो, बायको त्यालाच वैतागून सोडून जाते. आणि एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटली असेल. गेमच्या सुरुवातीला टोळीचा धंदा काय, तर कर्जवसुली. शेवटी जॉन जमीन घेतो ती बँकेचं कर्ज काढून. ज्यांच्या दारात वसुलीवाला जातो त्या रांगेत जॉन स्वतः जाऊन बसतो, हप्ते फेडायचं कबूल करून. सांगली जिल्ह्यात राहणाऱ्याला सोसायटीचं कर्ज काय असतं ते वेगळं सांगायला नको.

घर बांधायचं मिशन आहे ना, फळ्या ठोकायचं, गाणं लागतं ते? ते मला डोंगरावरच्या सूर्यापेक्षा जड गेलं. पुढे १९११ साली त्याच घरात काय होणार हे माहीत असताना आपण खिळे ठोकतोय.


वानलेसवाडी :

कर्जाचं खरंच लक्षात आलं नव्हतं, ते मानलं. पण तेवढ्यासाठी एवढा वेळ घ्यायला नको होता, यावर मी ठाम. एका तासात झालं असतं. आणि टोळीतल्या गद्दार मायकावरचा सूड शेवटी घुसवलाच की. सूड घेऊन काही हाती लागत नाही असं आर्थर गेमभर सांगत होता.


हरिपूरचा :

तुम्ही सगळे पोरं आहात म्हणून 'संपवणे' हा शब्द इतक्या सहज वापरता. आमच्या वेळी गेम संपवणं हा प्रकारच नव्हता.

प्रोजेक्ट आयजीआय, २००० सालचा. विश्रामबागेत सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन खेळायचो. मिशनच्या मधे सेव्ह नाही. अर्धा तास गवतातून सरपटत जायचं, कॅमेरा चुकवायचा, आणि एका पहारेकऱ्याने बघितलं की भोंगा. भोंगा वाजला की बरॅकमधून माणसं येतच राहायची. मेलात की पुन्हा कुंपणाबाहेर. तेवढ्यात काउंटरवरचा ओरडणार, 'टाइम झाला'. आमच्या अख्ख्या बॅचमध्ये शेवटचं मिशन पाहिलेला एकही इसम मला माहीत नाही. तरी चहाच्या टपरीवर त्या गेमवर जेवढी चर्चा आम्ही केली तेवढी आज संपवणारे करत नाहीत. दुसऱ्या मिशनमध्ये कुठल्या टॉवरवर कोण उभा असतो ते आजही झोपेतून उठवलंत तरी सांगेन. मग माझं मत बाद?

त्याआधीचा १९८९ चा प्रिन्स ऑफ पर्शिया घ्या. अख्ख्या गेमला साठ मिनिटं. वाळू संपली की राजकन्या गेली, गेम संपला. हरणं हासुद्धा शेवटच होता, आणि बहुतेकांनी तोच पाहिला. पन्नास तासांच्या गेमला तुम्ही दर्जेदार म्हणता, तिथे तो गेम करणाऱ्या एका माणसाने साठ मिनिटांत घाम फोडला होता.


भडंग आणि चहा :

काका, एक नंबर. जीटीए व्हाईस सिटीतलं त्या रिमोटच्या हेलिकॉप्टरचं मिशन आठवा. अर्धी सांगली तिथंच अडकली होती, तरी कुणी म्हणालं न्हाई की तुला व्हाईस सिटी कळली न्हाई.


कृष्णाकाठचा :

काका, तुम्ही अडकलात, सोडली नाहीत. फरक आहे. तुम्ही सायबरवाल्याला पैसे देऊन परत परत त्याच कुंपणावर जात होतात. एवढी माया असलेल्या माणसाने मत द्यावंच. माझा राग दुसऱ्यावर आहे. सेलमध्ये घेतली, वीस मिनिटं खेळली, अंगठा खाली करून रिव्ह्यू टाकला, ती जमात.


तासगाव ते पुणे :

राजीबद्दल एवढ्या एका ओळीत बोळवण? २०१७ साली किकस्टार्टरवर लोकवर्गणीतून लागणारी रक्कम जमली नाही, तरी त्या मूठभर लोकांनी तीन वर्षांनी गेम बाहेर काढला, स्विचवर, पीसीवर, प्लेस्टेशनवर. गोष्ट सांगणारे कोण, तर दुर्गा आणि विष्णू, आणि दोघांचा मधेच टोमणेबाजीचा सूर. भावाला सोडवायला निघालेली सर्कशीतली पोरगी. ड्रॅगन आणि एल्फ बघून कंटाळलेल्या माझ्यासारख्याला ते राजस्थानी गढीचे सज्जे बघूनच भरून आलं होतं. शेवट तोडल्यासारखा आहे, मान्य, पण परदेशी कंपनीचं बजेट आणि यांचं बजेट एका तराजूत घालू नका.


मिरजेची तार :

बजेट तराजूत घालायचं नसेल तर किंमतही घालू नका मग. पुण्याची म्हणून दोन मार्क वाढवून द्यायचे हा त्या लोकांचाच अपमान आहे. देखावे ए-वन, मारामारी ठीक, दोन कड्यांमधून उडी मारताना कॅमेरा इतका लांब की राजी मुंगीएवढी दिसते. शेवट कमी पैशात अर्धवट राहिला असं तुम्ही म्हणता, पण ओब्रा डिन जवळजवळ एकट्याने केली आणि तिचा शेवट चिरेबंदी आहे. पैसे कमी असले तर गोष्ट छोटी घ्यावी.

आता धागाकर्त्याला प्रश्न. 'संपवली' कधी म्हणायचं? २०२५ च्या सप्टेंबरात सिल्कसाँग आली म्हणून मी आधीची हॉलो नाइट बाहेर काढली. २०१७ ची, ऑस्ट्रेलियातल्या तिघांनी केलेली. सुरुवातीला नकाशाही नसतो, वाटेत कागदाचे कपटे दिसले आणि कुणी गुणगुणताना ऐकू आलं की समजायचं नकाशेवाला कॉर्निफर जवळ आहे. शेवटच्या बॉसला मारलं, माझा नायक किडा त्याच्याच जागी साखळदंडात अडकला, गेम बनवणाऱ्यांची नावं वर गेली. मी खूश. मग मावसभाऊ म्हणाला, हा खरा शेवटच नाही. खऱ्यासाठी पांढऱ्या महालात जा. तिथे करवती फिरतात, काटे, उड्या, एक चूक की मागे. शत्रू जवळपास नाहीतच, नुसती बोटांची परीक्षा. मी महाल सोडला. तर माझी हॉलो नाइट संपली की नाही? मी तिला माझ्या आवडत्या पाचात धरतो.


कृष्णाकाठचा :

नावं वर गेली म्हणजे संपली.


वानलेसवाडी :

मग ओब्रा डिनमधून अर्ध्यात उतरलेल्याचीही संपली. नावं वर जातातच, तुम्हीच लिहिलंय.


मिरजेची तार :

आणि शेवटची सहा-सात नावं गाईड बघून भरली असतील तर? चारही चिनी खलाशी मला सारखेच दिसत होते. बूट बघून ओळखायचे असतात हे मला यूट्यूबने सांगितलं.


कृष्णाकाठचा :

गाईड बघून भरलीत तर त्या गेममध्ये उरतं काय? खेळ म्हणजे तो बूट दिसणंच आहे. खलाशांच्या झोपायच्या झोक्यातून बाहेर आलेले पाय, झोक्याचा नंबर, मग तेच पाय दुसऱ्या दृश्यात शोधायचे. ते दिसलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात एक चक्कर मारून आलो. तुम्ही ती चक्कर दुसऱ्याला मारायला लावलीत.

अर्ध्यात उतरलेल्याबद्दल ताईंचा मुद्दा बरोबर लागलाय. तर असं म्हणू, की गेम स्वतःच 'अजून राहिलंय' असं सांगत असेल, वहीत कोरं पान दिसत असेल, तर ते भरल्याशिवाय निकाल नको. पांढऱ्या महालाचं असं कुणी सांगत नाही, तो तुम्हाला हुडकावा लागतो. हॉलो नाइट तुमची संपली.


भडंग आणि चहा :

झालं, नियमाला पोटकलम लागलं. धा मिनिटात जीआर निघंल.


कुपवाड एमआयडीसी :

नवीन आहे इथे. रेड डेडच खेळतोय. जहाज फुटून बेटावर येऊन पडलोय, घोडा नाही, बंदुका गेल्या, नुसतं पळायचं आणि गोळ्या घालायच्या. दोन शिफ्टच्या मधे खेळतो, आठवडा झाला हात लागला नाही. सोडायच्या विचारात होतो, म्हणून धागा उघडला तर सगळंच कळलं. आता खेळू का सोडू?


वानलेसवाडी :

सोडू नका. बेट अख्ख्या गेममधला सगळ्यात कच्चा भाग आहे, पण लहान आहे. ढकला पुढे. डोंगरावर पोचलात की मग मात्र थांबा.


मिरजेची तार :

थांबू नका, कर्ज काढा, घर बांधा.


कृष्णाकाठचा :

बेटावरून परत आलात की पिवळ्या खुणा बघत मुख्य मिशनमागे धावू नका. सहाव्या चॅप्टरमध्ये कोळशाच्या खाणीचं ॲनेसबर्ग गाव आहे, तिथे डाउन्सची बायको भेटते. नवरा गेल्यावर तिच्यावर काय वेळ आलीय, पोरगा कुठे राबतोय, ते तिथे दिसतं. आर्थर वाईट वागलेला नसला तरच ते मिशन मिळतं आणि तेही ऐच्छिक आहे, कुणी बळजबरी करत नाही. पण शिंतोड्याची खरी फेड तिथे आहे. शेवट कळला म्हणून काही बिघडत नाही, ती बाई आर्थरशी कशी बोलते ते कुणी सांगून कळणारं नाही.


भडंग आणि चहा :

ऐच्छिक म्हंजे? ते न खेळता फुडं गेलेल्यानं निकाल द्यायचा का न्हाई, ते लिव की पोटकलमात.